गिऱ्हाईक घरी गेल्यावर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न वाचून हसू आलं. टोकियोतल्या कॉफी बीन्सच्या दुकानात पहिल्यांदा उभं राहणाऱ्या प्रत्येकाला तो पडतोच. मालक म्हणतात, प्रत्येक पिशवीबरोबर कृतीचा कागद दे, शनिवारी ड्रिपचा, म्हणजे पुडीवर गरम पाणी ओतून कॉफी गाळण्याचा, वर्ग घे, गिऱ्हाइकाला घरी चांगली कॉफी करता आलीच पाहिजे. मग आपल्या काउंटरवर ६०० येन मोजून कप प्यायला येणार कोण, असं तू विचारतेस.

आधी हिशेब मांड. समज, २०० ग्रॅमची पिशवी १,६०० येनला विकलीस. कपाला १५ ग्रॅम धरले तर तिच्यात १३ कप निघतात. घरी एक कप पडतो १२३ येनला, तुमच्याकडे ६०० ला. गिऱ्हाइकाचा फायदा उघड आहे. आता तुमची बाजू बघ. तुमच्या कपाला खुर्ची लागते, तू लागतेस, मागची धुणीपुसणी लागते, आणि एकदा बसलेला माणूस अर्धा-पाऊण तास उठत नाही. टोकियोच्या भाड्यात सहा खुर्च्यांच्या दुकानाने दिवसाला असे किती कप विकायचे? पिशवी घेणारा पाच मिनिटांत बाहेर पडतो आणि पिशवी संपली की परत येतो.

शिवाय तो घरी कॉफी पिणारच आहे, तू शिकव नाहीतर नको शिकवू. जपानमध्ये निम्म्याहून जास्त कॉफी घरीच प्यायली जाते. १९८१ साली या देशात दीड लाखाच्या वर किस्सातेन, म्हणजे जुन्या धाटणीची कॉफीची दुकानं, होती, आज त्याच्या निम्मीही उरलेली नाहीत. त्यामुळे घरच्या कपात सुपरमार्केटची पूड पडते की तुमचे बीन्स, एवढंच तुमच्या हातात आहे.

आणि तो कप बिघडला तर दोष तुमच्या बीन्सना लागतो. इथलं गिऱ्हाईक तक्रार करायला येत नाही, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. ते नुसतं यायचं थांबतं. मळ्यात, भट्टीवर, चाखणीच्या टेबलावर कितीही कष्ट घेतलेले असोत, शेवटची पायरी तू कधीच न बघितलेल्या स्वयंपाकघरात पार पडते. म्हणून इथली जाणती माणसं शिकवण्याला धर्मादाय समजत नाहीत. होरिगुची तोशिहिदे यांनी १९९० मध्ये टोकियोच्या सेतागाया भागात दुकान काढलं, वर्ग घेतले, आणि इतरांना बीन्सची दुकानं काढायलाही हात दिला. टोकियोतल्याच मिनामी-सेंजूजवळच्या 'काफे बाख'चे तागुची मामोरू १९६८ पासून रोजंदारी मजुरांच्या वस्तीजवळ कॉफी विकत आले. भाजण्याआधी आणि भाजल्यावर, असे दोनदा खराब दाणे हाताने वेचायची त्यांची पद्धत. तीही त्यांनी कुलपात ठेवली नाही, पुढच्या दुकानदारांना शिकवली.

आता तुझ्या वर्गाकडे येते. तुझा कागद मी वाचला. 'दोन कपांना दोन चमचे' असं तू लिहिलंयस. हे आधी काढून टाक. कॉफीचं सामान बनवणाऱ्या कंपन्यांपैकी हारिओचा मोजायचा चमचा १२ ग्रॅमचा असतो, कालिताचा १०, मेलिताचा ८. दोन चमचे म्हणजे एका घरी २४ ग्रॅम, दुसऱ्या घरी १६, आणि पाणी दोन्हीकडे सारखंच. एकीला कॉफी जड आणि कडक लागणार, दुसरीला पाणचट. दोघी आपापल्या घरी तुमच्याच बीन्सना नावं ठेवणार. त्यात गडद भाजलेला दाणा फुगलेला आणि हलका असतो, तोच चमचा भरून वजनाला कमी येतो. कागदावर ग्रॅम लिही. बहुतेक घरांत स्वयंपाकाचा वजनकाटा असतोच. ज्यांच्याकडे नसेल त्यांना चमचा दुकानात आणायला सांग आणि त्यांच्यासमोर तुमचेच बीन्स भरून वजन करून दाखव. चमच्यावर पेनने आकडा लिहून दिलास तरी चालेल. मी तसं करायची, आणि त्या बायका पुढे कित्येक वर्षं येत राहिल्या.

कोणी 'घरी कडू होते' म्हणाली तर लगेच दुसरे बीन्स पुढे करू नकोस. पाणी कुठून घेता, ते विचार. अनेकींच्या ओट्यावर विजेचा गरम पाण्याचा पॉट असतो, त्याला ९८, ९० आणि ८० अंशांची बटणं असतात, आणि तो कायम ९८ वर ठेवलेला असतो. गडद भाजणीला ९० चं बटण दाबा म्हटलंस की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. मग दळण विचार. दुकानातून दळून नेत असतील तर पिशवी किती दिवस चालते तेही विचार. दळलेली कॉफी दोन-तीन आठवडे पुरवणाऱ्या माणसाला १०० ग्रॅमच दे. विक्री कमी दिसेल, पण पिशवीतला शेवटचा कपही पिण्यासारखा निघेल. पावसाळ्याच्या दमट दिवसांत न दळलेले बीन्स घट्ट बंद करून फ्रीजरमध्ये टाकायला सांग.

कासुया तेत्सू यांची ४:६ पद्धत वर्गात शिकवू का, असं विचारलं आहेस. जरूर शिकव. २०१६ मध्ये डब्लिनला ते ब्र्यूअर्स कपचे, म्हणजे हाताने कॉफी करण्याच्या स्पर्धेचे, जगज्जेते झाले ते हीच पद्धत घेऊन, आणि ती त्यांनी सगळ्यांसाठी खुली केली. २० ग्रॅम कॉफी, जाड रव्यासारखं दळण, ३०० ग्रॅम पाणी, ६० ग्रॅमचे पाच ओत, दर ४५ सेकंदांनी एक. पहिल्या दोन ओतांत, म्हणजे ४० टक्के पाण्यात, आंबट-गोडाचा तोल ठरतो. पहिला ओत लहान आणि दुसरा मोठा केला तर कॉफी गोडीकडे झुकते, उलट केलं तर आंबटपणा वर येतो. उरलेले ६० टक्के किती तुकड्यांत ओतता, त्यावर कडकपणा ठरतो. मला ही पद्धत शिकवायला आवडते, कारण तिला मनगटाची करामत लागत नाही. काटा आणि घड्याळ पुरतं. किटलीची बारीक धार गोल गोल फिरवणारे उस्ताद बघायला छान वाटतात, पण वर्गात आलेली बाई ते बघून घाबरते आणि कॅप्सूलचं यंत्र घेऊन मोकळी होते.

त्याच कारणासाठी नवख्या माणसाला हारिओचा व्ही-६० ड्रिपर, म्हणजे कॉफी गाळायचा शंकू, लगेच विकू नकोस. त्या ६० अंशांच्या शंकूला तळाशी एकच मोठं भोक असतं. पाणी किती वेगाने उतरायचं ते ओतणाऱ्याच्या हातावर आणि दळणावर ठरतं, म्हणून चूक लगेच कपात उतरते. कालिताच्या तीन बारीक भोकांच्या ड्रिपरमध्ये ओतणं थोडं इकडेतिकडे झालं तरी पाणी आपल्या गतीनेच उतरतं. फॅशन व्ही-६० ची आहे हे मला ठाऊक आहे. असू दे.

निशी-कासाईकडची आपली मंडळी येतील. दूध-साखर घालूनच पितील. नाक मुरडू नकोस. इथिओपियाची हलकी भाजणी त्यांच्या गळ्यात मारू नकोस, ती दुधात हरवते आणि वर आंबट लागते. गडद ब्लेंड दे, १५ च्या जागी २० ग्रॅम घ्यायला सांग, पाणी कमी करायला सांग. जपानी लोकही ओ-ले, म्हणजे दुधाची कॉफी, आवडीने पितात, त्यात कमीपणा कसला?

विद्यार्थी व्हिसावर तुला आठवड्याला २८ तासच काम करता येतं. त्यातले थोडे तास मालकांकडून या कामासाठी मागून घे. गिऱ्हाइकांना घरी केलेली कॉफी थर्मासमधून आणायला सांग आणि त्यांच्यासमोर चाख. पहिल्यांदा सगळे लाजतील. एक आणेल, मग दुसरी आणेल. चाखल्यावर चांगलं-वाईट म्हणू नकोस. किती ग्रॅम घेतले, पाणी किती, बटण कुठलं, एवढं विचारून वहीत टिपून ठेव.

येत्या शनिवारच्या वर्गाला आलेल्यांकडे कुठल्या कंपनीचे चमचे निघतात ते मला कळव. माझा अंदाज आहे, निम्म्या जणी आइस्क्रीमचा चमचा वापरत असतील.

तुझी,
मावशी