डाव्या हाताची वही

"मॅडम, मी करते ते देवासाठी करते की लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून, हेच मला कळेनासं झालंय."

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्यांच्या तोंडून समुपदेशन करताना हा प्रश्न मी कितीतरी वेळा ऐकला आहे. ज्यांना तो छळतो ती माणसं बहुतेक वेळा मनाने सच्ची असतात आणि म्हणूनच त्यांचे हाल जास्त होतात. त्यातली एक हकीकत सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

ताई पन्नाशीच्या आसपासच्या. मंडळीतल्या एका आजींची दृष्टी गेली होती. दर बुधवारी त्यांच्याकडे जाऊन ताई पवित्र शास्त्र वाचून दाखवायच्या. दीड वर्षात एकही बुधवार चुकला नव्हता. मग एका रविवारी उपासनेच्या शेवटी पाळकांनी सेवा करणाऱ्यांची नावं वाचली आणि त्यात यांचं नाव राहून गेलं. ताईंना ते लागलं. रात्री झोप येईना. नाव न घेतल्याचं दुःख ओसरलं, पण आपल्याला दुःख झालंच कसं, ही टोचणी काही जाईना. "म्हणजे दीड वर्ष मी नावासाठीच जात होते!" असा निवाडा त्यांनी स्वतःच देऊन टाकला आणि आजींकडे जाणं थांबवलं.

पहिल्याच भेटीत त्यांनी पर्समधून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. पानाच्या मधोमध रेघ, एका बाजूला केलेलं काम, दुसऱ्या बाजूला लाल शाईने हेतू. 'कौतुक.' 'नाही म्हणता आलं नाही.' 'पाळकबाईंना दिसावं.' एका ठिकाणी 'माहीत नाही' असं लिहून खोडलं होतं आणि वर 'अहंकार' लिहिलं होतं. पेन इतकं दाबलं होतं की मागच्या पानावर वळ उठले होते. पहिल्या पानावर बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातलं वचन, 1 करिंथ 13:3 : सगळं धन अन्नदानात दिलं, पण प्रीती नसली तर मला काही लाभ नाही.

मी वही चाळली आणि विचारलं, "आजी हल्ली बुधवारी काय करतात?"

ताई गप्प झाल्या. पाच आठवडे झाले होते आणि हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. इतक्या पानांत आजींचा उल्लेख एकदाच, तोही कामाच्या रकान्यात. बाकी सगळीकडे 'मी'.

हेतूंची चिंता करणाऱ्यांना मी हे आवर्जून दाखवते, कारण ही चिंता भक्तीसारखी दिसते आणि हळूच माणसाचं तोंड स्वतःकडे वळवते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायात प्रभू येशू दानाबद्दल बोलतो, तेव्हा उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं म्हणतो. हे वचन आपण लोकांपासून लपवण्यापुरतंच वाचतो. पण डावा हात शेजाऱ्याचा नाही, तो आपलाच आहे. ताईंची ती वही म्हणजे उजव्या हातावर पाळत ठेवणारा डावा हातच. 25 व्या अध्यायात न्यायाच्या वेळी भुकेल्यांना अन्न दिल्याबद्दल ज्यांची वाखाणणी होते, त्या नीतिमान माणसांना तर आपण काय केलं हे आठवतसुद्धा नाही. प्रभू, आम्ही तुला भुकेलेला केव्हा पाहिलं, असं तेच विचारतात.

ताईंना सगळ्यात जास्त भीती होती ती हनन्या आणि सप्पीरा यांची, म्हणजे जमिनीच्या पैशांबद्दल खोटं बोलून जागीच मेलेल्या नवरा-बायकोची. आपणही तसेच ढोंगी, असं त्या म्हणायच्या. आम्ही प्रेषितांची कृत्ये, अध्याय 5 शांतपणे वाचला. प्रेषित पेत्र हनन्याला म्हणतो की जमीन तुझीच होती आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते. काही भाग ठेवून सगळं दिल्याचं भासवलं, हे त्यांचं खोटं. मिश्र मनाने दिल्याबद्दल पेत्राने त्यांना काही विचारलेलं नाही. करिंथकरांचं वचनही पुन्हा पाहा : प्रीती नसेल तर 'मला' लाभ नाही. ज्याला अन्न मिळालं त्याचं पोट तर भरलंच. फिलिप्पैकरांच्या पत्रात प्रेषित पौल सांगतो की काही जण हेव्याने ख्रिस्ताची घोषणा करतात. तरी घोषणा होते यात तो आनंद मानतो.

स्वतःच्या मनावरच्या संशयाचा हा आजार जुनाच आहे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला 1522 च्या सुमारास स्पेनमधल्या मानरेसा इथे असताना यात पार पिचून गेले होते. पुढे त्यांनी याबाबत जे नियम लिहिले, त्यांत बाराव्या शतकातले मठवासी संत बर्नार्ड यांचं उत्तर दिलं आहे. चांगलं काम करताना 'हे तू मोठेपणासाठी करतोस' असा विचार आला तर त्याला सांगायचं : तुझ्यासाठी सुरू केलं नाही, तुझ्यासाठी थांबवणारही नाही. ताईंनी हे वाक्य दोनदा मोठ्याने म्हटलं. (अशी तपासणी रोज तासन्‌तास चालत असेल, त्याच पापाची कबुली पुन्हापुन्हा द्यावीशी वाटत असेल, तर तो मंत्रचळाचा (ओसीडी या मानसिक आजाराचा) प्रकार असू शकतो. मग मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवं. ताईंचं तितपत नव्हतं.)

पण म्हणून हेतूकडे बघायचंच नाही, असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या भेटीत ताई चिडून आल्या. त्या जात नाहीत म्हटल्यावर मंडळीतली एक कॉलेजची मुलगी आजींकडे वाचायला जाऊ लागली होती. "तिला उच्चारसुद्धा धड येत नाहीत," असं म्हणाल्या आणि स्वतःच थबकल्या. नाव राहिल्याचं दुःख साधं होतं, माणसाला ओळख हवीच असते. हे मात्र वेगळं होतं. आजींची गरज भागली याचा आनंद होण्याऐवजी आपली जागा गेली याचं दुःख झालं होतं. हेतू आत डोकावून सहसा सापडत नाही. आपल्यावाचून समोरच्याचं भागलं की मग तो उघडा पडतो.

त्यावर आम्ही बरेच दिवस बोललो. लहानपणी घरात कामाला आल्यावरच ताईंना जवळ घेतलं जायचं. ते सांगताना त्या खूप रडल्या. स्तोत्र 139 मधली 'हे देवा, माझे अंतःकरण पारख' ही प्रार्थना तोवर त्या स्वतःच्या चौकशीसाठी वापरत होत्या. पारखायचं काम तिथे देवाकडे सोपवलं आहे, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मी तेव्हा काहीच बोलले नाही.

नंतर त्या आजींकडे गेल्या, न येण्याबद्दल क्षमा मागितली आणि दीड वर्षात कधी न विचारलेलं विचारलं : "तुम्हाला काय ऐकायला आवडेल?" आजी म्हणाल्या, "तू भरभर वाचतेस गं. ती पोरगी अडखळते, त्यामुळे मला विचार करायला सवड मिळते. तू ये, पण आल्यावर नुसती बोलत बस."

हे मला सांगताना ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा हसरा. आता बुधवारी ती मुलगी वाचते. ताई शुक्रवारी जातात, पुस्तक न घेता. वहीचं काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.