आधी मोबाईलची काच पूस

फोटो काढायला शिकायचंय म्हणून कॅमेऱ्यासाठी कर्ज काढू नकोस रे. खिशातला मोबाईल वर्षभर पुरतो. फक्त त्याची लेन्स सुती कापडानं पुसत जा. बोटांच्या तेलकट डागांनी फोटो धुरकट येतात.

मग उजेड ओळखायला शीक. आपल्याकडं दुपारचं ऊन इतकं कडक, की डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. त्याच माणसाला दाराच्या आत दोन पावलं बसव, तोंड दाराकडं. आजीचा फोटो मी असाच काढला, ज्वारी निवडताना. सुपातल्या पांढऱ्या दाण्यांवरून परतलेला उजेड तिच्या हनुवटीवर आला होता, सुरकुती न् सुरकुती दिसत होती. चेहऱ्यावर बोट टेकवून फोकस धरायचा, मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करायचा. पांढरा फेटा असेल तर हे हवंच, नाहीतर नुसता पांढरा डाग उरतो.

झूम नको, चालत जवळ जा.

वेरूळला सकाळी घाई करू नकोस. लेणी पश्चिमेकडं तोंड करून आहेत. १६ क्रमांकाच्या कैलासावर समोरून ऊन येतं ते दुपार कलल्यावर. मंगळवारी बंद असतं. अजिंठ्यात फ्लॅश मुळीच नको, चित्रं जपायची आहेत.

सध्या घरासमोरचा कडुलिंब धर. आठ दिवस, रोज तीन वेळा टिप आणि मला दाखव.