किट वाटू नकोस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. कोल्हापूर महापालिकेची महिलांसाठी राखीव झालेली जागा, पॅनेलकडून आलेलं बोलावणं, घरातल्या बैठका, सगळं कळलं. पण तुझी झोप उडालीय ती त्यापायी नाही. आपल्या तालमीतली, म्हणजे पेठेतल्या फुटबॉल संघामागची जाणती मंडळी म्हणाली, ज्युनिअर टीमला किट दे, हॉलला साउंड सिस्टीम दे आणि पाठिंब्याचं पत्र घेऊन जा. आणि तू मला विचारतेस, "काका, दारू नाही, पाकीट नाही, लहान पोरांना खेळायचे कपडे द्यायचेत. त्यात वाईट ते काय?"

वाटू नकोस.

किटात वाईट काही नसतं. तू भावाच्या जुन्या बुटात कागद कोंबून खेळलीस, नवी जर्सी अंगात घातल्यावर पोराला काय वाटतं हे तुला मी काय सांगणार? पण निवडणूक लागल्यावर दिलेलं किट त्या पोराचं राहत नाही, त्याच्या बापाच्या मताची ती किंमत होते. कायदाही त्याला लाचच म्हणतो. कायदा म्हणत नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

मी अपक्ष उभा होतो तेव्हा समोरच्या उमेदवाराची खोकी आमच्या गल्लीत उतरली. पोरं प्लॅस्टिकच्या पिशव्या दातानं फाडून तिथंच जर्सी अंगात घालत होती. पाठीवर नंबर, छातीवर उमेदवाराचं नाव, आणि ते नाव नंबरापेक्षा मोठं. एक जण यादी वाचून हाका मारत होता. आमचा गोलकीपर, चांगला उंच पोरगा, शेवटपर्यंत कट्ट्याला टेकून उभा राहिला. त्याचं नाव आलंच नाही, कारण त्याचा बाप माझ्याबरोबर फिरत होता. पुढच्या सरावाला सगळे नव्या रंगात आणि हा एकटा जुन्या बनियनवर. थोड्या दिवसांनी तो यायचाच बंद झाला. लहान पोरांच्या टीमची अशी दोन शकलं करून जी जागा मिळते, ती मिळवायची कशाला?

माझ्याकडंही लोक आले होते. "उद्यमनगरात लेथवर एवढं कमावलंय, आणा की चार खोकी." मी नाही म्हणालो. त्या रात्री जोडण्या फिरल्या, गठ्ठा मतं गेली आणि मी पडलो. आजही कुणी ना कुणी ऐकवतंच की हट्टापायी सीट घालवली. ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं हाफला खेळलो, ते पुढचा सगळा सीझन शाहू स्टेडियमवर माझ्या शेजारी बसले नाहीत. मी सीट घालवली नाही. ती विकली गेली आणि मी ती विकत घेतली नाही, एवढंच झालं. आणि ज्यानं घेतली त्यानं पुढं काय केलं? पावसाळ्यात ड्रेनेज तुंबलं, घाण पाणी उंबऱ्याच्या आत आलं, गल्लीतल्या बायका त्याच्या दारात गेल्या. तो म्हणाला, "दिलंय की तुम्हाला." यावर बोलायला कुणाला तोंड होतं? मत विकलेल्या माणसाला जाब विचारता येत नाही. आणि घातलेला पैसा तो कुठल्या बिलातून काढणार, हे आपल्या गावात शेंबडं पोरही सांगेल.

किट वाटले नाहीत याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. पुन्हा उभा राहिलो नाही, ही रुखरुख मात्र आहे. एकदा नाही म्हणणाऱ्याला लोक विक्षिप्त म्हणतात. तोच माणूस पुढच्या वेळी पुन्हा येऊन नाही म्हणाला असता, तर थोडे तरी थांबले असते. म्हणून तुला सांगतो, एका निवडणुकीपुरती उभी राहणार असशील तर राहूच नकोस.

तू म्हणशील, तालमी आश्रयावरच वाढल्या. वाढल्या की. पण आश्रय कसला ते बघ. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ साली सुरू झालं. बशीसारखा उतार, मधे कुस्तीचा हौदा, त्यामुळं पार मागं बसलेल्यालाही कुस्ती दिसते. ते एका तालमीला दिलेलं नव्हतं, अख्ख्या गावाला दिलेलं होतं. तुला द्यायचंच असेल ना, तर सगळ्या पेठांना वापरता येईल असं दे, निवडून आल्यावर दे, आणि महापालिकेच्या पैशातून दे. तो पैसा लोकांचाच आहे, त्यावर तुझं नाव छापायचं कारणच नाही.

इथं एक कामाची गोष्ट सांगतो, नीट वाच. महापालिका अधिनियमात मैदानं, बागा ही ऐच्छिक कामं धरलीत. गटार, ड्रेनेज, पाणी ही बंधनकारक. त्यामुळं "मैदान द्या" म्हणत गेलीस तर निधी नाही हे उत्तर ठरलेलं आहे. गांधी मैदानाचं घे. मूळचं ते वरुणतीर्थ तळं, भरून मैदान केलं. म्हणून चार सरी पडल्या की आजूबाजूचं पाणी तिथंच येऊन थांबतं आणि सराव बंद. हे दुखणं गटाराचं आहे आणि गटार करणं महापालिकेला चुकत नाही. रावणेश्वराचं तळं होतं तिथं आज स्टेडियम आहे, कपिलतीर्थावर मंडई आहे. या गावाचं खेळणं, बाजार सगळं बुजवलेल्या पाण्यावर उभं आहे. जिला पाण्याचा उतार कळतो तिला हे गाव कळतं. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर कित्येक वर्षं प्रशासकाचा कारभार राहिला. गटाराची तक्रार घेऊन जायला हक्काचं दार उरलं नव्हतं. ते दार तू हो. किट देणारी दुकानं गावात पुष्कळ आहेत.

पॅनेलचं जपून. आता तुझ्या प्रभागात चार जागा, मतदार चार मतं देणार. तू वाटले नाहीस तरी तुझ्या शेजारच्या फोटोवाल्यानं वाटले की तुझ्याही नावानं वाटल्यासारखंच. पत्रकावर चौघांचे फोटो असतात, खोक्यावरही असतील. बाकीच्या तिघांना पहिल्याच बैठकीत सांग, आपल्यातला कुणीही किट, साउंड, जेवणावळ देणार नाही. हसले तर उठून ये. अपक्षाला चार जणांच्या प्रभागात फार जड जातं, मला माहीत आहे. तरी उठून ये. आणि "तू नुसती सही कर, काम आम्ही बघतो" असं म्हणणारा भाऊ असो नाहीतर चुलता, त्याला घरातच थांबव.

तालमी-तालमींतल्या ईर्षेचं काय करायचं, हेही तू विचारलंयस. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, कुठल्याही संघाची मॅच असू दे, शेवटच्या शिट्टीपर्यंत घसा फोडून ओरड. मी अजून ओरडतो. ईर्षा नसती तर एवढ्या गावात फुटबॉल टिकलाच नसता. पण मत मागताना तुझ्या अंगावर तालमीचा रंग नको. टोलच्या आंदोलनात सगळ्या पेठा एका रस्त्यावर उतरल्या आणि टोल घालवला. तेव्हा कुणी कुणाला जर्सी दिली नव्हती. लोकांना पटलं होतं म्हणून ते आले होते. हेच लोक आहेत ते, आणि तुझी ती जाणती मंडळी म्हणतात की किट दिल्याशिवाय कुणी हलत नाही! वाटू नकोस, पोरी. पडलीस तर पड.

रविवारी सकाळी कारखान्यावर ये. मतदार यादीची प्रत आण, आपण गल्लीनिहाय खुणा करू. पहिली फेरी आपल्या तालमीच्या दारातून काढायची नाही. ज्यांच्याविरुद्ध तू सेमीफायनलला गोल मारलास त्यांच्या गल्लीतून काढायची, आणि मी बरोबर असेन. तालमीतल्या मंडळींना शनिवारच्या आत तोंडावर जाऊन सांग. फोनवर सांगू नकोस, मोठ्या माणसांना नाही म्हणायचं तर समोर बसून म्हणावं.

तुझा,
काका