लायसन्स मिळालंय पण ट्रॅफिकमध्ये जोरात ब्रेक मारायची भीती वाटते, बाईकची प्रॅक्टिस कशी करू?

टेस्टला आठचा आकडा काढला, पाय टेकला नाही, की लायसन्स हातात, जोरात ब्रेक मारता येतो का हे कोण बघतंय, त्यामुळे भीती वाटणारच. रविवारी सकाळी रिकामं डांबरी ग्राउंड नाहीतर मोठं पार्किंग गाठा, खडी-वाळू नको. आधी वीसच्या स्पीडला सरळ जाऊन थांबा, मग तीस, मग चाळीस. आपल्याकडे घरातूनच सांगतात पुढचा ब्रेक दाबू नको पडशील, पण ब्रेक लागला की वजन पुढे येतं आणि थांबवायची खरी ताकद पुढच्याच चाकात असते, फक्त तो झटक्यात आवळायचा नाही, आधी हलका दाबून पुढचे शॉकअप बसू द्यायचे मग जोर वाढवायचा, सोबत मागचा थोडा आणि हँडल एकदम सरळ. तुमच्या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक, म्हणजे जाम, होऊ न देणारी सिस्टीम) आहे की नुसतं सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लावणारी सिस्टीम) ते बघून घ्या, १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना बहुतेक सीबीएसच असतं, त्यात चाक लॉक होऊ शकतं. यू-टर्नला हाफ क्लच, मागचा ब्रेक किंचित, आणि मान वळवून जिथे जायचंय तिकडे बघा, पुढच्या चाकाकडे बघितलं की पाय टेकलाच समजा. हेल्मेटचा पट्टा ग्राउंडवर पण लावायचा बरं का.