वाचकांचे प्रश्न : शहाळ्यांसाठी माड लावताना

प्रश्न : वेंगुर्ले तालुक्यात समुद्रालगत आमची दीड एकर रेताड जमीन असून विहिरीला मेअखेरपर्यंत पाणी असते. शहाळी विकण्यासाठी तेथे माड लावावेत, असा विचार आहे. ठेंगणे माड 15 फुटांवर लावले तर 300 रोपे बसतात, असे पुतण्याचे म्हणणे आहे. तसे करावे का? शिवाय घरामागच्या जुन्या माडांच्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या दिसतात, त्याचे कारण काय असावे?

उत्तर : पुतण्याचा हिशेब कागदावर बरोबर आहे, माडाला मात्र तो मानवणारा नाही. दोन माडांत साडेसात मीटर, म्हणजे सुमारे 25 फूट, अंतर सोडल्यास तुमच्या जागेत 108च्या आसपास रोपे बसतात. ठेंगण्या जातींना थोडे कमी अंतर चालते, पण 15 फूट नव्हे. दाट लागवडीत पहिली काही वर्षे काहीच बिघडलेले दिसत नाही, उलट बाग भरल्यासारखी वाटते. पुढे झावळ्या एकमेकींत गुंतल्या की माड उजेडासाठी बारीक आणि उंच होत जातात, उत्पन्न घटते, आणि तोपर्यंत मधले माड तोडायला कोणाचा हात धजत नाही. मोकळ्या जागेत आरंभी केळी आणि पुढे सावली पडू लागल्यावर जायफळ, दालचिनी घेता येते; दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने पुरस्कारलेली ‘लाखीबाग’ ती हीच.

शहाळ्यांसाठी चौघाट ऑरेंज ड्वार्फ ही केरळातील ठेंगणी जात निवडावी. तिचे पाणी गोड असते, तीन-चार वर्षांत ती पोय (फुलोरा) टाकते आणि बरीच वर्षे शहाळी जमिनीवरून किंवा लहान शिडीवरून काढता येतात. उंच बाणवली माडाची शहाळी दोराने सावकाश खाली सोडावी लागतात, कारण वरून टाकलेले शहाळे फुटते. त्यामुळे मजुरी वाढते. शहाळे साधारण सातव्या महिन्यात उतरवावे, पक्क्या नारळाला मात्र अकरा-बारा महिने लागतात. असे असले तरी ठेंगणा माड पाण्याचा ताण सोसत नाही आणि रेताड जमीन पाणी धरून ठेवत नाही, तेव्हा ठिबक बसवून आणि आळ्यात नारळाची सोडणे (वरच्या साली) व पालापाचोळा घालूनच पुढे जावे. मोठ्या माडाला उन्हाळ्यात रोज 30 ते 40 लिटर पाणी लागते. विहीर तेवढे देईल का, हे रोपे आणण्याआधी यंदाच्या मे महिन्यातच पाहून घ्यावे. कडेने थोडे बाणवली माड लावल्यास घरच्या नारळांची सोय होईल.

झावळ्यांचे ते काम गेंड्या भुंग्याचे. तो शेंड्यातली न उमललेली सुई पोखरतो आणि तीच झावळी उलगडली की दोन्ही बाजूंना सारख्याच तिरक्या कापल्यासारखी दिसते. जवळपास उघडा शेणखताचा खड्डा किंवा कुजलेला माडाचा ओंडका असणार. भुंगा तेथेच वाढतो. खत उपसून त्यातल्या पांढऱ्या जाड अळ्या वेचून माराव्यात आणि शेंड्यातला भुंगा तारेच्या हुकाने ओढून काढावा. या भोकांच्या वासाने पुढे सोंड्या भुंगा येतो व तो आतून खोडच पोखरतो. खोडातून तांबूस चिकट द्रव गळत असेल, तर खोडाला कान लावून पाहावा. अळ्या कुरतडत असल्याचा आवाज येतो. चढण्यासाठी खोडावर पाडलेल्या खाचांतूनही हाच सोंड्या शिरतो, म्हणून नव्या बागेत त्या पाडू देऊ नयेत.