रुलेटचं गणित: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गोव्याच्या कॅसिनोत रुलेट खेळायला जायचं ठरतंय. मित्र सांगतो, काळा सलग पाचदा आला की लालवर लाव. हरलास तर रक्कम दुप्पट करत जा, पैसे सुटतातच. यात नशीब किती नि डोकं किती? (वाचक, कॉलेज रोड, नाशिक)

उत्तर : रुलेट म्हणजे आकड्यांच्या खाचा असलेलं चाक फिरवून त्यात गोळी सोडायची आणि ती कुठल्या खाचेत थांबेल यावर पैज लावायची. त्या गोळीला मागचं काही आठवत नाही. एका शून्याच्या चाकावर ३७ खाचा असतात, १८ लाल, १८ काळ्या, एक हिरवी म्हणजे शून्याची. त्यामुळे लाल येण्याची शक्यता दर वेळी १८/३७. मोनॅकोतल्या माँटे कार्लो कॅसिनोत १९१३ साली काळा सलग २६ वेळा आला, आणि ‘आता लाल येणारच’ म्हणणाऱ्यांचे पैसे बुडाले.

दुपटीचा हिशेब बघा. सुरुवात १०० रुपयांनी केली आणि टेबलावर एका पैजेची मर्यादा ५,००० असली, तर सलग सहा हारींत ६,३०० जातात आणि सातवी, ६,४०० ची पैज लावताच येत नाही. १०० पासून सुरू करून जिंकेपर्यंत किंवा मर्यादा आडवी येईपर्यंतच्या पैजा म्हणजे एक मालिका; जिंकलो की तिचा नफा १००. सलग सहा हारी सरासरी ५५ मालिकांत एकदा येतात. बाकीच्या ५४ मालिकांनी शंभर-शंभर करून दिलेले ५,४०० ती एकटी ओढून नेते, वर आणखी ९००.

डोकं चालतं ते टेबल निवडताना. एका आकड्यावर ३५ पट आणि लावलेली रक्कम परत, म्हणजे एकूण ३६ पट मिळतात, पण खाचा ३७. म्हणून लावलेल्या रकमेतले सरासरी २.७ टक्के कॅसिनोकडे राहतात. चाकावर ० सोबत ०० असेल तर ५.२६ टक्के, म्हणजे जवळपास दुप्पट. त्या चाकावरची ०, ००, १, २, ३ ही पाच आकड्यांची पैज तर सर्वांत वाईट, ७.८९ टक्के. शंभराच्या ४० पैजा लावल्या तर एका शून्यावर सरासरी १०८ रुपये जातील, दोन शून्यांवर २१०. करमणुकीचा खर्च म्हणून एवढं पुरे.

प्रश्न : एजंटने मोबाइलवर रुलेट खेळायचा आयडी दिला आहे. त्यात मागचे ५० आकडे दिसतात. त्यावरून ‘गरम’, म्हणजे वारंवार येणारा आकडा काढता येतो का? (वाचक, सिडको, नाशिक)

उत्तर : नाही. निर्दोष चाकावरही ५० फेऱ्यांत नऊ-दहा आकडे एकदाही येत नाहीत, आणि एखादा चारदा येणं साधी गोष्ट आहे. खऱ्या चाकात झिजेमुळे किंवा कलामुळे दोष असू शकतो, पण तो ओळखायला हजारो नोंदी लागतात. एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञांनी १९६१ मध्ये अंगावर लपवता येणारा संगणक बनवला. त्यात चाक आणि गोळी यांचा वेग मोजून गोळी कुठल्या पट्ट्यात पडेल याचा अंदाज यायचा. अशा उपकरणांवर अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात १९८५ पासून बंदी आहे.

मोबाइलवर मोजायला गोळीच नाही. आकडा प्रोग्रॅम काढतो, चाक नुसतं चित्र, आणि एजंटचा प्रोग्रॅम कोणी तपासलेला नसतो. शिवाय पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. जिंकलेली रक्कम काढायला ‘आधी आणखी भरा’ म्हणाले तर भरू नका. व्यवहाराचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.