वाचकांचे प्रश्न: पीएच.डी., केळीची बाग आणि आबांचे दोन बिघे

प्रश्न: मॅडम, सप्रेम नमस्कार. मी रावेर तालुक्यातली. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून २०२१ साली पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय केळीवरच्या करप्याच्या बुरशीचा. कांदेबाग आणि मृगबाग, केळीच्या दोन्ही हंगामांतल्या लागवडींचे नमुने गोळा करून झालेत, प्रयोगशाळेतलं कामही जवळजवळ संपलंय. लिखाण मात्र तीन प्रकरणांवर अडकलंय. एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवते. मागच्या वर्षाचं मानधन यंदा गणपतीत हातात पडलं. फेलोशिप मिळाली नाही. आता जळगावच्या एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये नोकरी चालून आलीय, महिना २६ हजार. माझे गाइड पुढच्या वर्षी निवृत्त होतात. ते म्हणतात, 'नोकरी धरलीस की थिसिस बुडाला समज.' आबा म्हणतात, 'तू डॉक्टर हो, जागा निघाली की दोन बिघे काढून टाकू.' आईला काळजी, एवढ्या शिकलेल्या पोरीला मुलगा कुठून आणायचा. लहान भाऊ आबांसोबत वावरात राबतो. तो काहीच बोलत नाही, आणि त्याचंच मला जास्त लागतं. पीएच.डी. पूर्ण करू की सोडू? पूर्ण करून उपयोग आहे का?

— एक वाचक, रावेर तालुका

उत्तर: आबांच्या दोन बिघ्यांपासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यानंतर.

वावर विकायचं नाही. अनुदानित जागेसाठी काय मागितलं जातं, हे खान्देशात कोणापासून लपलेलं नाही. घेणारा गुन्हेगार आहेच, आणि देणाराही कायद्याच्या कचाट्यातून सुटत नाही. असे पैसे मोजलेली घरं मी पाहिली आहेत. काहींचे पगार सुरू झाले. काहींच्या नेमणुकीची मान्यताच अडकली, आणि ती माणसं वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवत राहिली, वावरही गेलं. तापीकाठचं बागायती वावर एकदा हातचं गेलं की मास्तराच्या पगारातून ते परत घेता येत नाही. भाऊ काहीच बोलत नाही, असं तू लिहिलंस. त्याच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते, पण मला झोपही आली नसती. तेव्हा आबांना या आठवड्यातच सांग की पीएच.डी. झाली तरी वावर निघणार नाही. भावासमोर सांग. आज तुझ्या प्रबंधावर त्या दोन बिघ्यांचं कर्ज आधीच चढलंय, म्हणून तुझं लिखाण पुढे सरकत नाही, असा माझा अंदाज आहे. ज्या पदवीला वावर फेडायचंय, तिचा उपयोग कितीही मोजला तरी कमीच पडणार.

आता नियमांचं. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी किमान अट आहे नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. पीएच.डी. ऐच्छिक झाली. तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात सेटचा एक शब्दही नाही, आणि हेच मला सगळ्यात खटकलं. प्राध्यापक व्हायची आशा खरंच मनात असेल तर आधी सेट काढ. आपल्याकडे ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, आणि वनस्पतिशास्त्रवाल्यांचा पेपर लाइफ सायन्सेसचा असतो. त्यात प्राण्यांपासून रेणूंपर्यंत सगळं येतं, नुसत्या बुरशीवर निभत नाही. पीएच.डी. लागते ती पुढे, सहयोगी प्राध्यापक होताना.

माझ्या पिढीचं उदाहरण तुला घरी कोणी देत असेल तर ते ऐकू नकोस. आम्ही पीएच.डी. केली तेव्हा कायम नोकरीत होतो. जळगावला विद्यापीठ झालं १९९० साली. त्याआधी आमची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली. सहीसाठी, ग्रंथालयासाठी रात्रीच्या एसटीने पुणं गाठायचं आणि दुसऱ्या रात्री परत निघायचं. कष्ट होते, पण महिन्याच्या शेवटी पगार होता आणि पुढे पेन्शन. तुम्ही मुलं पगार मिळावा म्हणून पीएच.डी. करता. सीएचबीत तास घेतला तर पैसे, सुट्टीत काही नाही, आणि घेतलेल्या तासांचे पैसेही कधी येतील त्याचा नेम नाही. तिकडे सहायक प्राध्यापकाची वेतनश्रेणी सुरूच होते ५७,७०० रुपयांच्या मूळ वेतनावर. एकाच स्टाफरूममध्ये, एकाच वर्गाला शिकवणाऱ्या दोन माणसांत एवढं अंतर आहे, आणि याचा मला मनापासून संताप येतो. म्हणून 'अजून एक वर्ष सीएचबी कर, जागा निघेल' असं मी तुला म्हणणार नाही.

नोकरी घे. आणि प्रबंधही पूर्ण कर.

का, ते सांगते. तुझ्या पत्रातल्या एका वाक्याने माझं मत ठरलं: दोन्ही बागांचे नमुने झालेत. बाहेरच्या माणसाला यातलं मोल कळणार नाही. मृगबाग लावली जाते जून-जुलैत, कांदेबाग ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पाऊस एकच, पण दोन्हींचं झाड त्याला वेगळ्या वयात सामोरं जातं. करपा ओल्या पानावर रुजतो, खालच्या पानांपासून वर चढतो, आणि पानंच गेली की घड भरत नाही. कोणत्या बागेत तो कधी दिसतो, कोणत्या पानापर्यंत चढतो, हे महिनावार नोंदवलेलं असेल तर रोगट पानं केव्हा कापायची आणि फवारणी केव्हा धरायची, हे शेतकऱ्याला त्यातून सांगता येईल. तुझ्या आबांनाच सांगता येईल. हे काम आज दुसऱ्या कोणी हाती घेतलं तर त्याला पुन्हा तेवढेच पावसाळे चिखलात उभं राहावं लागेल. ते तू करून बसलीयस. राहिलंय ते टेबलावरचं.

नमुने गोळा करायचे राहिले असते, तर मी तुला सोडून दे म्हणाले असते. नोकरी करून, रोज जळगावला ये-जा करून पावसाळाभर बागा फिरणं होत नाही. लिखाण होतं.

आणि ही नोकरी तुझ्या विषयाच्या शेजारची आहे. टिश्यू कल्चरमध्ये ज्यांच्यापासून रोपं तयार करतात ते मातृवृक्ष विषाणूमुक्त आहेत की नाही, यावर सगळा डोलारा उभा असतो. सीएमव्ही या विषाणूने रावेर-यावलच्या शेतकऱ्यांना उभ्या बागा उपटायला लावल्या, हे तू जवळून पाहिलं असशील. पानावरचा डाग बघून हा बुरशीचा, हा विषाणूचा, हा नुसता अन्नद्रव्याच्या कमतरतेचा, असं सांगू शकणारी नजर तिथे लागते. ती तुला पीएच.डी.नेच दिली. एक सावधगिरी मात्र घे: रुजू होतानाच लेखी करून घे की प्रबंधातली माहिती तू आधी, विद्यापीठाच्या कामात गोळा केलेली आहे आणि ती छापायला लॅबची हरकत नाही. नंतर मागितलेलं असं पत्र मिळणं फार अवघड जातं. (कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात पुढे जागा मिळेल, अशी आशा असेल तर तिथल्या बहुतेक जागांना कृषीची पदवी लागते, हेही आत्ताच माहीत असू दे.)

तुझ्या सरांचं वाक्य कडवट आहे, पण त्यामागे अनुभव असणार. नोकरी लागली आणि विद्यार्थी परत फिरकलाच नाही, असं प्रत्येक गाइडने पाहिलेलं असतं. त्यांच्याशी वाद घालू नकोस, लिहिलेली पानं घेऊन जा. त्यांच्या निवृत्तीचं मात्र आजच बघ. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत निवृत्त गाइडला ७० वर्षांपर्यंत सहमार्गदर्शक म्हणून राहता येतं. तुझी नोंदणी त्याआधीची, २०१६ च्या नियमांखालची. म्हणून तुला नवा मार्गदर्शक लागेल का, नोकरी धरल्यावर अर्धवेळची नोंद करून घ्यावी लागेल का, हे दोन्ही विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागाला लेखी अर्ज करून विचार आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घे. तोंडी उत्तरावर विसंबू नकोस.

मुदतीचं गणित असं: कोर्सवर्क धरून ६ वर्षं, म्हणजे तुझी २०२७ मध्ये भरतात. स्त्री उमेदवारांना आणखी २ वर्षांची सवलत देता येते, शिवाय बाळंतपण किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. ही सवलत अर्ज करून घ्यावी लागते. ती आयुष्यातल्या अडचणीसाठी राखून ठेव, लिखाण लांबवण्यासाठी खर्चू नकोस. २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापून आलेला आणि परिषदांत दोनदा सादरीकरण केलेलं लागतं. हे झालंय का, ते तू लिहिलं नाहीस. नसेल तर पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. चांगलं नियतकालिक परीक्षणालाच काही महिने घेतं, म्हणून निबंध आधी पाठव आणि प्रकरणं त्यानंतर लिही. लिहितानाही प्रस्तावनेला हात लावू नकोस. तक्ते आणि फोटो मांड, त्यांच्याखाली दिसतं ते लिही, मग चर्चा. पूर्वीच्या संशोधनाचा आढावा घेताना मात्र जपून. लोक तिथेच वाक्यं उचलतात आणि दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांच्या वर गेलं की काम परत येतं.

नोकरीत रुजू झाल्यापासून सहा महिन्यांत निष्कर्षांची दोन प्रकरणं सरांच्या टेबलावर गेली नाहीत, तर सोड. तेव्हा कोणाला विचारू नकोस, मलाही नाही. सोडताना एवढं कर: बुरशीची कल्चरं आणि नोंदवह्या नीट नावं, तारखा, गावं घालून विभागात जमा कर आणि त्यातला एक निबंध स्वतःच्या नावाने छाप. पदवी राहिली तरी करप्याच्या नोंदी कपाटात कुजता कामा नयेत.

आईला सांग, मुलीची पदवी ऐकून मागे फिरणारं स्थळ वेळेत फिरलेलं बरं.

प्रश्न: मी शिरपूर तालुक्यातला. इतिहासात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, एकच सत्र राहिलंय. मित्र म्हणतात, पोलीस भरतीला बारावीच लागते, मग एम.ए. कशाला? सोडून पूर्ण वेळ मैदानावर घालवू का?

— एक विद्यार्थी

उत्तर: नको सोडू. भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची. दिवसभर मैदानात राहून लेखीचे गुण वाढत नाहीत. पहाटे पळ, कॉलेजला जा, संध्याकाळी गणित आणि बुद्धिमत्ता चाचणीचे प्रश्न सोडव. एका सत्राने तुझी भरती बुडणार नाही. आज सोडलंस तर पहिल्या वर्षाच्या बळावर पदव्युत्तर पदविकेचा कागद फार तर मिळेल, आणि त्याने सेटला बसता येत नाही. एम.ए.ला ५५ टक्के पडले, राखीव प्रवर्गात ५० टक्के, तर ती वाट उघडी राहते. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही सेटचा अर्ज भरू शकतात, तेव्हा यंदाच भर.

शेवटच्या सत्रात प्रकल्प असेल तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात एकदा जाऊन ये. वि. का. राजवाड्यांच्या निधनानंतर लगेच, १९२७ साली स्थापन झालेलं हे मंडळ तुझ्या गावापासून एसटीच्या एका फेरीवर आहे. तुझ्या तालुक्याच्या इतिहासाचे कोणते कागद तिथे आहेत, ते विचार आणि प्रकल्प त्यावरच घे. भरती झाली तरी ते काम तुझ्याजवळ राहील, आणि नाही झाली तर पुढचा विषय तुला तिथेच सापडेल.